बी.एस.डब्ल्यू.ची तीन वर्षं: दाखले, फील्डवर्क आणि जर्नल

2022 ते 2025 अशी बी.एस.डब्ल्यू.ची, म्हणजे समाजकार्याच्या पदवीची, तीन वर्षं महाराष्ट्रातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात पूर्ण झाली. प्रवेशाच्या वेळी या कोर्सबद्दल मराठीत नीट लिहिलेलं फारसं सापडलं नव्हतं. जे सापडलं त्यात ‘समाजसेवेची आवड असणाऱ्यांसाठी उत्तम संधी’ एवढंच असायचं. आवड असावीच, पण या कोर्समध्ये माणूस अडतो तो दुसरीकडेच. आधी दाखल्यांत, मग फील्डवर्कमध्ये (संस्थेत किंवा वस्तीत जाऊन करायचं काम) आणि सगळ्यात जास्त फील्डवर्कच्या लेखनात. परीक्षेचे पेपर त्या मानाने सोपे जातात. म्हणून इथे वर्गातल्या विषयांपेक्षा बाकीच्या गोष्टींवरच जास्त लिहिलं आहे.

बारावीचा निकाल 8 जून 2022 ला लागला. कोणतीही शाखा चालते. कला, वाणिज्य, विज्ञान आणि एम.सी.व्ही.सी.वाले (व्यवसाय अभ्यासक्रमाचे) असे सगळेच आमच्या वर्गात होते. कॉलेज निवडताना दोन गोष्टी आधी विचारा. पहिली, बी.एस.डब्ल्यू.ची तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित. एकाच इमारतीत एम.एस.डब्ल्यू. (पदव्युत्तर) अनुदानित आणि बी.एस.डब्ल्यू. विनाअनुदानित असं असू शकतं, आणि फीमधला फरक दुपटी-तिपटीचा निघतो. दुसरी, फील्डवर्कसाठी किती शिक्षक आहेत आणि एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी येतात. प्रवेश समितीसमोर हा प्रश्न फार कुणी विचारत नाही, पण पुढची तीन वर्षं याच एका आकड्यावर ठरतात. एका सुपरवायझरकडे दहा-बारा विद्यार्थी असतील तर जर्नल, म्हणजे फील्डवर्कची नोंदवही, वाचलं जातं. तीस-पस्तीस असतील तर फक्त सही होते.

नावाजलेल्या संस्था माहीत असाव्यात. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं जे शिक्षण सुरू झालं तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. तिच्या तुळजापूरच्या ग्रामीण परिसरात पदवीचा अभ्यासक्रम चालत आला आहे. मुंबईचं निर्मला निकेतन 1955 पासूनचं. पण याच दोन-तीन नावांवर अडून बसू नका. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात जिल्ह्याच्या ठिकाणी समाजकार्य महाविद्यालयं आहेत आणि काहींचं फील्डवर्क फारच पक्कं आहे. इग्नूचं बी.एस.डब्ल्यू. दूरस्थ पद्धतीने करता येतं, पण तिथेही फील्डवर्क चुकत नाही. नोकरी सांभाळून ते कसं बसवणार, याचा हिशेब आधी करा.

आणखी एक. राज्यातल्या समाजकार्य महाविद्यालयांना अनुदान मिळत आलं आहे ते सामाजिक न्याय विभागाकडून. त्यामुळे इतर कॉलेजांत शिकणाऱ्या मित्रांना लागू असलेला नियम आपल्याला तसाच लागू असेल असं धरून चालू नका. ऑफिसातल्या क्लार्कना विचारा. त्यांना प्राचार्यांपेक्षा जास्त माहीत असतं.

कागदपत्रांमध्ये गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि रहिवास हे सगळ्यांनाच लागतं. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर, आणि शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत लिहिलेली असते, बहुतेक वेळा 31 मार्चपर्यंत. फेब्रुवारीत हौसेने काढलेला दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरतो, तेव्हा तो एप्रिल उजाडल्यावरच काढा. जात वैधता मात्र उलट: ती जितकी लवकर काढाल तितकं बरं, कारण जात पडताळणी समितीकडून यायला महिने लागतात. बारावीनंतर मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. उत्पन्न, जात, रहिवास या दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही कचेरीबाहेरचा माणूस स्टॅम्प पेपर घ्यायला लावतो. साध्या कागदावर चालतं, असं शांतपणे सांगा.

महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरचा, अर्ज पहिल्या सत्रातच भरायचा असतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, मर्यादा आठ लाख. अर्ज भरला म्हणजे झालं असं नसतं. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे जिल्ह्याच्या कार्यालयाला. मध्ये कुठेही ‘सेंड बॅक’ होऊ शकतो आणि त्याचा मेसेज येईलच असं नाही. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहायची. परत येण्याची नेहमीची कारणं: दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक, स्कॅन केलेल्या कागदाचा कोपरा कापलेला, मागच्या वर्षाच्या गुणपत्रिकेऐवजी इंटरनेटवरचा निकाल जोडलेला, किंवा वडील हयात असताना आईच्या नावाचा उत्पन्न दाखला.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात, अर्जात लिहिलेल्या खात्यावर नाही. इथे फार जण फसतात. सरकारी पैसे येण्यासाठी आधार एका वेळी एकाच खात्याशी जोडलेलं राहतं, आणि मध्येच कुठे नवीन खातं उघडताना संमतीची टिकमार्क केली की जोडणी तिकडे सरकते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ दिसतं. ते अर्जाच्या आधी आणि मंजुरीनंतर पाहून घ्या. रक्कम त्याच वर्षी येईल या भरवशावर काही ठरवू नका. आमच्या बॅचमध्ये पहिल्या वर्षाची रक्कम दुसऱ्या वर्षी मिळालेले बरेच होते. तोवर मेस आणि खोलीभाडं थांबत नाही. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी असलेल्या स्वाधार योजनेचा अर्ज वेगळा करावा. ती महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीत आपोआप येत नाही.

खर्च फीचा कमी आणि फिरण्याचा जास्त. फील्डवर्कचं बसभाडं, झेरॉक्स, जर्नलचे कागद, फाइल आणि सत्राच्या शेवटी स्पायरल बाइंडिंग असं सगळं धरून महिन्याला हजार-बाराशे रुपये सहज जातात. एस.टी.चा विद्यार्थी पास कॉलेजच्या गावाला मिळतो. एजन्सी, म्हणजे फील्डवर्कसाठी मिळालेली संस्था किंवा वस्ती, दुसऱ्या दिशेला असेल तर तिकडचं तिकीट खिशातून. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा वर्गातल्या मुलींनी तालुक्याच्या गावातल्या एजन्सीही घ्यायला सुरुवात केली.

वर्ग सुरू झाले की पहिले काही आठवडे समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्याचा इतिहास असं चालतं आणि ‘हे तर बी.ए.च आहे’ असं वाटू लागतं. मग पद्धती येतात: व्यक्ती सहयोग कार्य, गट कार्य, समुदाय संघटन या तीन थेट माणसांबरोबरच्या, आणि समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन, सामाजिक क्रिया या पूरक. व्यक्ती सहयोग कार्यातली बायस्टेकची सात तत्त्वं आणि पर्लमनबाईंचे चार ‘पी’ (व्यक्ती, समस्या, संस्था आणि प्रक्रिया) तीनही वर्षं पाठ सोडत नाहीत. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, तेही ‘तुमच्या केसमध्ये हे तत्त्व कुठे वापरलंत’ असं. नुसती नावं सांगून भागत नाही. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्यांनी मराठी आणि इंग्रजी दोन्ही संज्ञा एकाच वहीत समोरासमोर लिहून ठेवाव्यात. पेपर मराठीत लिहिता येतो, पण बरीच चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि एजन्सीचे अहवालही.

फील्डवर्क म्हणजे आठवड्यातले दोन दिवस, साधारण पंधरा तास, एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत. सुरुवातीला ओळखभेटी होतात: बालगृह, वृद्धाश्रम, सरकारी रुग्णालयातला समाजसेवा विभाग, व्यसनमुक्ती केंद्र, महिलांसाठीचं समुपदेशन केंद्र. गटाने जायचं, तासभर माहिती ऐकायची, अहवाल लिहायचा. भेटीआधी तीन-चार नेमके प्रश्न लिहून न्या. ‘इथे माणूस कोणाच्या आदेशाने दाखल होतो आणि कोणाच्या आदेशाने बाहेर पडतो?’ हा प्रश्न कुठल्याही संस्थेत चालतो आणि त्याच्या उत्तरातून तिचा अर्धा कारभार समजतो. बालगृहात विचारलंत तर बालकल्याण समितीचं नाव येईल, मग अध्यक्ष आणि चार सदस्य, मग मूल सापडल्यापासून 24 तासांत समितीपुढे हजर करण्याचा नियम, असं करत सगळी साखळी कळते.

मग एजन्सी मिळते. यादी लागते तेव्हा मोठ्या संस्थेसाठी झुंबड उडते. पहिल्या वर्षी वस्ती किंवा अंगणवाडी मिळाली म्हणून नाराज होऊ नका. मोठ्या रुग्णालयात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बहुतेक वेळ केसपेपरच्या रांगेत माणसं लावण्यात घालवतो. वस्तीत निदान दारं उघडी असतात.

पहिले काही आठवडे सगळ्यांनाच एक प्रश्न छळतो: आपण इथे नक्की काय करतोय? एजन्सीतल्या ताईंना आपल्याकडे बघायला वेळ नसतो. लोक विचारतात, ‘सर्वे आहे का? कुठली योजना आलीय?’ कुणी लगेच आधार कार्ड काढून हातात देतं. इथे उत्तर साफ द्यायचं: आम्ही कॉलेजचे विद्यार्थी, शिकायला आलोय, योजना मंजूर करणं आमच्या हातात नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर तिसऱ्या महिन्यात ‘आमच्या अर्जाचं काय झालं’ म्हणून लोक अडवतात आणि त्यांचं बरोबर असतं. सेवार्थींना, म्हणजे ज्यांच्यासाठी काम करतो त्या लोकांना, स्वतःचे पैसे द्यायचे नाहीत, उसने तर नाहीच. वैयक्तिक नंबर देण्याआधी सुपरवायझरला विचारायचं. ओळखपत्र गळ्यात आणि कॉलेजचं पत्र पिशवीत. संध्याकाळी उशिराची गृहभेट एकट्याने करायची नाही.

काही संस्था विद्यार्थ्यांकडे फुकटचं मनुष्यबळ म्हणून बघतात. रजिस्टरं उतरवणं, एक्सेल भरणं, कार्यक्रमाच्या खुर्च्या लावणं. थोडंफार केलं पाहिजे, कारण रजिस्टर उतरवताना संस्था कशी चालते ते कळतं. पण महिनाभर तेच चाललं तर गप्प बसू नका आणि भांडूही नका. सत्राच्या सुरुवातीला कॉलेज शिकण्याची उद्दिष्टं लिहून घेतं. तो कागद घेऊन आयसीमध्ये, म्हणजे सुपरवायझरबरोबरच्या वैयक्तिक चर्चेत, विषय काढा: यातलं दोन नंबरचं उद्दिष्ट अजून सुरूच झालेलं नाही. पुढचं बोलणं सुपरवायझर एजन्सीशी करतात. ते त्यांचं काम आहे.

आता जर्नल. फील्डवर्कचे गुण जाण्याचं कारण बहुतेक वेळा काम न करणं नसतं, काम केलेलं न लिहिणं हे असतं. प्रत्येक दिवसाच्या नोंदीत तारीख, वेळ कधीपासून कधीपर्यंत, ठिकाण, ठरवलेलं काम, प्रत्यक्ष झालेलं काम, निरीक्षण, वापरलेलं कौशल्य किंवा तत्त्व आणि पुढचं नियोजन एवढं येतं. साचा सोपा आहे. अवघड असतं ते ‘प्रत्यक्ष झालेलं काम’ आणि ‘निरीक्षण’ वेगळं ठेवणं.

समजा, शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी भेट दिली. नव्या विद्यार्थ्याची नोंद अशी असते: ‘घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. मावशी फारच निराश दिसत होत्या. मी त्यांना धीर दिला व शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले.’ सुपरवायझर याच्या खाली लाल रेघ मारतात. कारण यातून काहीच दिसत नाही. हलाखी म्हणजे काय, निराश कशावरून, धीर कोणत्या शब्दांत? तीच भेट अशी लिहिता येते: ‘घर पत्र्याचं, एक खोली, खिडकी बंद. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी होती. शाळेचा विषय काढल्यावर मावशींनी उत्तर दिलं नाही, गॅस बारीक केला आणि “तिच्या बापाला विचारा” म्हणाल्या. वडील घरात नव्हते. मी पुढचा प्रश्न लगेच विचारला नाही. थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, “मी कामाला गेल्यावर याला कोण बघणार?”’ आणि मग निरीक्षणात: शाळा सुटण्याचं कारण मुलीची नावड नसून धाकट्या भावाचा सांभाळ हे असावं, वडिलांशी बोलून खात्री करायची, वस्तीतल्या अंगणवाडीची वेळ विचारायची. दुसरी नोंद वाचणाऱ्याला पुढच्या आठवड्यात काय करायचं ते आपोआप कळतं. पहिली वाचून कुणालाच कळत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा.

नोंद त्याच रात्री लिहा. दोन दिवसांनी लोकांची वाक्यं आठवत नाहीत, आपली वाक्यं त्यांच्या तोंडी जातात. समोर बसून वही उघडायची नाही, त्याने माणूस गप्प होतो. बाहेर पडल्यावर बसथांब्यावर चार-पाच खुणेचे शब्द लिहायचे आणि घरी जाऊन ते फुलवायचे. सत्राच्या शेवटी एकदम जर्नल लिहायला बसणारे दर वर्षी असतात. ते ओळखू येतात, कारण सगळ्या पानांची शाई एकच असते आणि सगळ्या शनिवारी हवामानसुद्धा सारखंच असतं.

नावं बदला, तीही पहिल्या दिवसापासून. ही फक्त सभ्यता नाही. बालन्याय कायदा 2015 च्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करता येत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातही गोपनीयतेचं बंधन आहे. फोटोंबद्दल तर बोलायलाच नको. बालगृहातल्या मुलांबरोबरचा सेल्फी स्टेटसला ठेवला म्हणून एजन्सीने पुढच्या बॅचला दारं बंद केल्याची उदाहरणं आहेत. आणि एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते जर्नलपुरतं ठेवता येत नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 खाली माहिती कळवणं बंधनकारक आहे. त्याच दिवशी सुपरवायझरला फोन करायचा, आयसीची वाट बघायची नाही.

दुसऱ्या वर्षी केस (एका व्यक्तीबरोबरचं काम) आणि गट दोन्ही हाताळायचे असतात. केस निवडताना अडचण जितकी मोठी तितकी केस चांगली, असा समज दिसतो. तो सोडा. सहा-सात महिन्यांत ज्यात एक तरी टप्पा पुढे जाईल अशी केस घ्या. विधवा बाईंचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज ही वरवर किरकोळ वाटणारी केस वर्षभर पुरते. योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत दाखवावं लागतं, म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. तलाठी दाखल्यावर त्याहून जास्त लिहितात, कारण तेवढ्यात कुणी जगतच नाही. मग नवऱ्याच्या मृत्यूची नोंदच झालेली नाही असं निघतं. ती 21 दिवसांत व्हायला हवी असते, उशीर वर्षावर गेला की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं. धोरण, प्रशासन, कागद आणि माणूस सगळं एका केसमध्ये दिसतं.

गट घेताना आठ ते बारा मुलं पुरे. वीस आली की तो गट राहत नाही, वर्ग होतो. प्रत्येक सत्राचा एकच हेतू ठेवा आणि खेळानंतर बोलायला वेळ उरेल असं बघा. बहुतेक गटसत्रं खेळात संपतात आणि जर्नलमध्ये ‘मुलांनी आनंद घेतला’ एवढंच उरतं.

समुदाय संघटनात पाणी, गटार, संडास, दिवे हेच विषय येतात. अर्ज वस्तीतल्या लोकांच्या सहीने जावा, विद्यार्थ्याच्या नाही. वॉर्ड ऑफिसात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. माहिती अधिकार वापरायचा असेल तर शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला माफ. उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, ‘अमुक कामाच्या मंजुरीच्या आदेशाची प्रत द्या’ असं मागा. एजन्सीला न विचारता तिच्या लेटरहेडवर असा अर्ज टाकायचा नाही. त्या संस्थेला त्याच ऑफिसात वर्षभर काम असतं.

ग्रामीण शिबिर साधारण आठवड्याचं. गाव निवडायला आणि परवानगीला महिनाभर आधी लागावं लागतं: सरपंच, ग्रामसेवक, शाळेचे मुख्याध्यापक, कारण मुक्काम शाळेत किंवा समाजमंदिरात असतो. (2024 मध्ये ग्रामसेवक हे पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं. पत्रावर नवं नाव लिहा, गावात मात्र ‘भाऊसाहेब’च म्हणतात.) शक्य असेल तर तारखा 26 जानेवारी धरून ठेवा. त्या दिवशी ग्रामसभा असते, आणि ग्रामसभा पुस्तकात वाचणं आणि कोरमसाठी माणसं गोळा करताना बघणं यात फरक आहे. बीड, धाराशिव, पाथर्डीकडे शिबिर नेणार असाल तर लक्षात ठेवा, दिवाळीनंतर मार्चपर्यंत ऊसतोडीला गेलेली घरं बंद असतात. त्या काळात केलेल्या सर्वेक्षणात गावात म्हातारी आणि मुलंच जास्त भरतात.

सर्वेक्षणाला सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा. मधल्या वेळेत लोक रानात असतात. फॉर्म दोन पानांपेक्षा मोठा नको. सामाजिक नकाशा रांगोळीने जमिनीवर काढायचा आणि काठी गावकऱ्यांच्या हातात द्यायची. विद्यार्थी काढायला लागले की बायका मागे सरकतात. नकाशा पूर्ण झाला की आधी कागदावर उतरवून घ्या, मग चहा. कोंबड्या आणि पोरं तो पाच मिनिटांत पुसतात. चपाती आकृतीत, म्हणजे गावकरी संस्थांची वर्तुळं मांडतात त्या आकृतीत, वर्तुळाचा आकार म्हणजे त्या संस्थेचं महत्त्व आणि अंतर म्हणजे ती किती हाताशी आहे. दवाखान्याचं मोठं वर्तुळ जेव्हा कुणी पार लांब ठेवतं, तेव्हा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

कागद बघताना एक घोटाळा नेहमीचा: ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद आणि महसुलाचा 8-अ म्हणजे जमिनीचं खातं. घरकुलाच्या अर्जासाठी लोक एक मागायला जातात आणि दुसरा घेऊन येतात. शिबिरात हे समजावून दिलं तर श्रमदानातल्या चरापेक्षा जास्त उपयोग होतो, असं माझं मत आहे.

तिसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. विषय लहान घ्या. ‘महाराष्ट्रातील महिलांचे सक्षमीकरण’ हा विषय कुणाच्या आवाक्यातला नाही. ‘अमुक वस्तीतल्या घरकामगार महिलांच्या बचतीच्या सवयी’ हा तीस-चाळीस मुलाखतींत होतो. प्रश्नावली उत्तर देणारा स्वतः भरतो आणि मुलाखत अनुसूची आपण विचारून भरतो. तोंडी परीक्षेत हा फरक विचारून बऱ्याच जणांना गार केलं जातं. गूगल फॉर्मचा मोह टाळा. ज्यांच्यावर अभ्यास आहे ते तो भरत नाहीत, आपले मित्रच भरतात. पहिल्या पाच मुलाखती चाचणीच्या समजा आणि प्रश्न बदलायची तयारी ठेवा.

टायपिंगबद्दल एक कळकळीची सूचना: युनिकोडमध्येच करून घ्या. बाहेरचे टायपिंगवाले सवयीने कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये करतात. मग गाइडने सुचवलेली दुरुस्ती घरच्या कॉम्प्युटरवर करता येत नाही आणि प्रत्येक चुकीला पुन्हा दुकानात जावं लागतं. काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या प्रतींना दोन-तीन दिवस लागतात, सादर करण्याच्या आठवड्यात त्याहून जास्त. गाइडची सही असलेलं प्रमाणपत्राचं पान बाइंडिंगच्या आधी आत गेलंय ना, ते बघा.

परीक्षा सहा सत्रांच्या. लेखी पेपरात विषय राहिला तर एटीकेटी आहे, म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन तो पेपर पुन्हा देता येतो, पण फील्डवर्कमध्ये नापास झालात तर सहसा ते अख्खं पुन्हा करावं लागतं. आमची बॅच जुन्या पद्धतीची शेवटच्यांपैकी. संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण आलं आहे: तीन वर्षांची पदवी 132 श्रेयांकांची (क्रेडिट), चौथ्या वर्षाची ऑनर्स 176 ची. चौथं वर्ष केलं तर पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची. आता प्रवेश घेणाऱ्यांनी आमच्या नोट्स घ्याव्यात, विषयांची यादी मात्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्यावी. श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक, म्हणजे एबीसी आयडी, पहिल्याच महिन्यात काढून ठेवा.

नोकरीचं स्पष्ट सांगायचं तर बी.एस.डब्ल्यू.वर कामं मिळतात, पण बहुतेक क्षेत्रपातळीवरची: क्षेत्र समन्वयक, समुदाय संघटक, संस्थेतला समाजकार्यकर्ता. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्त्याचं पद पदवीवर असतं, कंत्राटी, मानधन 18,536 रुपये. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या जागेला आणि बऱ्याच समुपदेशकांच्या जागांना एम.एस.डब्ल्यू. मागतात. वकिलांसारखी सनद आपल्याकडे समाजकार्याला नाही, त्यामुळे ‘समाजकार्य किंवा कोणतीही पदवी’ अशा जाहिराती निघतात आणि स्पर्धा सगळ्यांशी होते. मुलाखतीला गुणपत्रिकेबरोबर जर्नलमधल्या दोन चांगल्या केसनोंदी, नावं झाकून, घेऊन जा. एजन्सीचं अनुभवपत्र प्रत्येक सत्राच्या शेवटी तिथल्या तिथे मागून घ्यायचं. नंतर तिथले समन्वयक बदललेले असतात. जर्नलच्या मूळ प्रती कॉलेज ठेवून घेतं आणि काही वर्षांनी रद्दीत काढतं, म्हणून जमा करण्याआधी झेरॉक्स काढा.

निकालानंतर एम.एस.डब्ल्यू.ला जायचं असेल तर टी.सी., सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन लगेच लागतं. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज वेगळा आणि त्याची फी वेगळी. तो दीक्षान्त समारंभाच्या आधी ठरावीक मुदतीत ऑनलाइन भरायचा असतो, नावाचं मराठी स्पेलिंग दोनदा वाचून. प्रमाणपत्रावर एक वेलांटी चुकली तर दुरुस्तीसाठी विद्यापीठाच्या गावाला जाणं आलं.